कार्टूनवरचा खेळ हसवतो केव्हा? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात दूरचित्रवाणीवरच्या अ‍ॅनिमेशन मालिकांवर बेतलेल्या विनोदी साहसखेळांचा ओझरता उल्लेख झाला होता. त्यावर बडोद्याच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. नेहमीच्या प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे न छापता फक्त राहण्याचा भाग दिला आहे आणि लांब पत्रे प्रश्नापुरती आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : लहानपणी दूरदर्शनवर हिंदीतून लागणारी ‘डकटेल्स’ ही बदकांची मालिका मी सहसा चुकवली नाही, आणि टीव्हीला जोडायच्या यंत्रात त्याच मालिकेची कॅसेट घालून तासन्‌तास खेळलो. अलीकडे त्या खेळाची नवी आवृत्ती मुलीसाठी घेतली. चित्रे सुरेख आहेत, पात्रे बोलतात, तरीही जुन्या खेळाने जितके हसवले तितके हा हसवत नाही. मुलगी तर संवाद सुरू झाले की बटण दाबून पुढे जाते. हा माझ्या वयाचा दोष समजावा की खेळाचा?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : दोष आपल्या वयाचा नाही, आणि आपल्या मुलीच्या अधीरपणाचा तर मुळीच नाही. तिने एका बटणाने जो अभिप्राय दिला आहे, तो मला अगदी योग्य वाटतो.

आपण ज्या खेळाची कॅसेट घालत होता, तो जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९८९ मध्ये निन्टेन्डोच्या यंत्रासाठी तयार केला होता. आपल्याकडे त्या काळी मिळणारी बरीचशी यंत्रे त्याच यंत्राच्या नकला होत्या, म्हणून तो रावपुऱ्यातल्या आणि मांडवीतल्या घरांपर्यंत पोहोचला. त्या खेळाच्या कॅसेटमध्ये अवघी १२८ किलोबाइट जागा होती. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोसुद्धा तिच्यात मावणार नाही. आवाजी संवादांना तेथे जागाच नव्हती, त्यामुळे करणाऱ्यांना सगळा विनोद हालचालीतून निर्माण करावा लागला.

शाळेत आपण विनोदाचे तीन प्रकार शिकलो : शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ. मालिकेवरून खेळ करताना या तिघांची अवस्था वेगवेगळी होते, आणि माझ्या मते या प्रकारच्या खेळांचे यशापयश बहुतांशी येथेच ठरते. शब्दनिष्ठ विनोद खेळात जसाच्या तसा उचलून आणता येतो, पण तो पहिल्यांदा ऐकताना जितका रंगतो तितका, त्याच जागी मरून पुन्हा सुरुवात करणाऱ्याला सातव्यांदा ऐकताना रंगत नाही. प्रसंगनिष्ठ विनोद नेमक्या क्षणावर अवलंबून असतो, आणि खेळात तो क्षण दिग्दर्शकाच्या हातात नसून खेळणाऱ्याच्या अंगठ्यात असतो. स्वभावनिष्ठ विनोदाचे मात्र खेळात सोने होऊ शकते, कारण खेळणारा त्या पात्राचा स्वभाव स्वतःच्या हाताने वागून पाहतो.

जुन्या डकटेल्समध्ये हेच घडले होते. मालिकेचा नायक स्क्रूज मॅकडक हा जगातला सर्वांत श्रीमंत आणि तितकाच चिकट म्हातारा. आपण त्याला छडीवर उभे करून टुणटुण उड्या मारायला लावत होतो. अ‍ॅमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतल्या खाणी, हिमालय आणि चंद्र अशा पाच ठिकाणी तो फिरे, आणि ज्या जागी काहीच दिसत नाही तेथून पुढे गेले की हवेतून अचानक हिरा प्रकट होई. एकदा हे कळले की आपण प्रत्येक कोपऱ्यात, प्रत्येक भिंतीपाशी, गरज नसताना उड्या मारून पाहू लागत असू. म्हणजे स्क्रूजच्या लोभावर हसता हसता आपणच स्क्रूज होत असू. न हलणाऱ्या दगडावर छडी मारली की तोच झटका खाई. हिमालयात बर्फावर छडीने उडी मारली की तो रुतून बसे, आणि समोरून शत्रू येताना आपण बटण बडवत बसत असू. शेवटसुद्धा आपण किती पैसे जमवले यावर बदलत असे : लपवलेले दोन्ही खजिने आणि भरपूर संपत्ती घेऊन परतणाऱ्याला एक शेवट मिळे, खिसा पार रिकामा करून परतणाऱ्याला वेगळा. कंजूष माणसाच्या खेळाला यापेक्षा समर्पक शेवट मला सुचत नाही.

नवी आवृत्ती अमेरिकेतल्या वेफॉरवर्ड कंपनीने २०१३ मध्ये केली आणि ती प्रेमाने केली आहे, हे आधी सांगितले पाहिजे. १९८७ च्या मालिकेत स्क्रूजला आवाज देणारे अ‍ॅलन यंग यांनी वयाच्या ९३ व्या वर्षी पुन्हा तोच आवाज दिला. हिरोशिगे तोनोमुरा यांनी चंद्रावरच्या टप्प्यासाठी रचलेली मूळची सुरावट, जी अनेकांना खेळ विसरल्यावरही आठवते, नव्या साजात पुन्हा वाजते. परंतु या आवृत्तीत मालिकेचा भाग दाखवण्याची हौस वाढली आहे. चार पावले गेली की खेळ थांबतो, पात्रे बोलतात, मग पुन्हा चार पावले. या संवादांतले विनोद वाईट नाहीत, पण ते ऐकत असताना आपण प्रेक्षक असतो आणि हातात कंट्रोलर उगाच धरलेला असतो. मुलगी बटण दाबते ती याच ठिकाणी.

माझी सूचना अशी की सेटिंगमध्ये जाऊन छडीवरच्या उडीचा जुना, अवघड प्रकार निवडावा, संवाद तिच्या इच्छेप्रमाणे वगळू द्यावेत, आणि सुरुवात हिमालयापासून करावी. बर्फात रुतलेल्या आजोबांना बाहेर काढताना ती हसते की नाही, ते आपण शेजारी बसून पाहावे.

प्रश्न : ‘द सिम्पसन्स : हिट अँड रन’ हा माझा अत्यंत आवडता खेळ आहे. मित्रांच्या मते ती केवळ गाडी पळवण्याची करमणूक आहे, मी त्याला विनोदी साहसखेळ मानतो. आमचा वाद मिटवावा. दुसरे असे की त्यातल्या एका टप्प्यात अपू या भारतीय दुकानदाराच्या भूमिकेत खेळावे लागते. तेव्हा मला हसूही येते आणि अवघडल्यासारखेही होते. आपले मत काय?
— एक विद्यार्थी, फत्तेगंज

उत्तर : पहिल्या भागात मी आपल्या बाजूने आहे, मात्र मित्रांचे म्हणणेही निराधार नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातील रॅडिकल एंटरटेनमेंट या संस्थेने हा खेळ २००३ मध्ये केला, आणि त्याची चौकट त्या वेळी गाजत असलेल्या, गाडी घेऊन शहरभर मनसोक्त भटकण्याच्या खेळांवरून घेतली हे उघड आहे. सात टप्पे, प्रत्येक टप्प्यात कथेची सात मिशन, आणि त्यांतली बरीचशी ‘अमुक वेळात अमुक ठिकाणी पोहोच’ अशी. एवढेच पाहिले तर मित्र जिंकतात.

पण शहर कोणाचे आहे, ते पाहा. ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी अ‍ॅनिमेशन मालिकेच्या प्रेक्षकाने तिच्यातले स्प्रिंगफील्ड हे गाव वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्याने पाहिलेले असते : घर, शाळा, दुकान, अणुवीज केंद्र. त्यांच्यामधला रस्ता त्याने कधी पाहिलेला नसतो. या खेळाने तो रस्ता जोडून दिला. पडद्यावर फक्त कथेपुरते अस्तित्व असलेले गाव एकदम चालत जाण्याजोगे झाले, आणि ओळखीच्या दारावर आपण होऊन थाप मारता येऊ लागली. हा आनंद साहसखेळाचाच आहे. मालिकेच्या लेखकवर्गातल्या मंडळींनी संवाद लिहिल्यामुळे आणि मूळच्या कलाकारांनीच आवाज दिल्यामुळे पात्रे परकी वाटत नाहीत. शिवाय कथेचा गाभा अस्सल विनोदी आहे : गावावर यांत्रिक गांधीलमाश्यांच्या रूपात कॅमेरे घिरट्या घालतात, बाजारात एक नवा कोला येतो, तो पिऊन लोक वेडेपिसे होतात, आणि शेवटी उलगडा होतो की हे सारे कँग आणि कोडोस या परग्रहवासीयांनी आपल्या करमणुकीच्या कार्यक्रमासाठी घडवून आणले आहे. इतके मोठे संकट, आणि सिम्पसन कुटुंबातला बाप होमर याची पहिली कामगिरी काय, तर दुकानातून आइस्क्रीम आणि कोला आणणे.

मला सर्वांत मोलाची वाटते ती मात्र एक लहानशी गोष्ट. फार तोडफोड केली तर पोलीस मागे लागतात आणि पकडल्यावर ५० नाणी दंड घेऊन सोडून देतात. त्या गावात एवढीच शिक्षा असणार, हे मालिका पाहणाऱ्याला आधीच ठाऊक असते, आणि म्हणून नियमाचाच विनोद होतो. याउलट, प्रत्येक टप्प्यात सात याप्रमाणे विखुरलेली ४९ कार्डे, ज्यांवर मालिकेच्या जुन्या भागांतल्या वस्तू आहेत, ती फक्त जाणकाराला हसवतात. ज्याने ते भाग पाहिले नाहीत, त्याच्यासाठी ते चकाकणारे चौकोन आहेत. ओळखीचे हसू आणि घडवलेले हसू यांत मी दुसऱ्याला अधिक मान देतो. आपल्या वादाचा निर्णय असा की गाडी हे त्या खेळाचे पाय आहेत आणि विनोदी साहस हे त्याचे पोट.

आता अपूबद्दल. आपल्याला वाटलेला अवघडलेपणा खरा आहे आणि तो दाबून टाकण्याचे कारण नाही. अपू १९९० पासून मालिकेत आहे आणि त्याला सुरुवातीपासून हँक अझारिया या गोऱ्या अभिनेत्याने आवाज दिला. अमेरिकेत वाढलेल्या भारतीय मुलांना त्याच बोलीची नक्कल करून शाळेत चिडवले गेले, हे हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या विनोदी कलाकाराने २०१७ मधील आपल्या माहितीपटातून मांडले. पुढे २०२० मध्ये अझारिया यांनी तो आवाज देणे थांबवले आणि २०२१ मध्ये जाहीरपणे क्षमाही मागितली.

खेळ या सगळ्याच्या आधीचा, २००३ चा आहे. त्यातला पाचवा टप्पा मी दोन्ही दृष्टींनी पुन्हा खेळून पाहिला. बोलीवरचा विनोद आज मला खुपतो. मात्र कथेत अपूला मिळालेली जागा सन्मानाची आहे : आपण विकलेल्या कोलामुळे गावाला त्रास झाला याची खंत फक्त त्यालाच वाटते, आणि त्या खंतीपोटी तो स्वतः शोधाला निघतो. बाकीचे नायक आपापल्या घरातल्या माणसासाठी किंवा कुतूहलापोटी धावतात, हा दुकानदार आपल्या गिऱ्हाइकांसाठी धावतो. मांडवीत तीन पिढ्या दुकान चालवणाऱ्या घरात ही वृत्ती कोणाला समजावून सांगावी लागणार नाही. हसू कशाचे आले आणि अवघडलेपण कशाचे आले, हे दोन वेगळे धागे आहेत. आपण ते वेगळे ओळखू शकलात तर खेळ टाकून देण्याची आवश्यकता नाही.

जाता जाता एक गोष्ट. हा खेळ आजवर इंटरनेटवरून अधिकृतपणे विकत घेण्याची सोय झालेली नाही, त्यामुळे मूळ डिस्क जपून ठेवावी. परवान्यावर केलेल्या खेळांचे आयुष्य कराराएवढे असते. वर उल्लेख केलेली डकटेल्सची नवी आवृत्तीसुद्धा २०१९ च्या ऑगस्टमध्ये विक्रीतून गेली होती आणि २०२० च्या मार्चमध्ये परत आली.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. सुटीत नातवाबरोबर कार्टूनचे खेळ खेळू लागले आणि मला त्यांची गोडी लागली. त्यानंतर आम्ही ‘मंकी आयलंड’ या खेळांच्या मालिकेतला दुसरा, जुना चाचेगिरीचा खेळ घेतला. त्यात धबधब्याचे पाणी बंद करण्याचे एक कोडे आहे, त्यावर आम्ही चार दिवस अडून राहिलो आणि शेवटी उत्तर शोधून वाचले. उत्तर कळल्यावरही ते उत्तर का, हे मला समजले नाही. माझे इंग्रजी कमी पडते आहे का?
— एक आजी, बाबाजीपुरा

उत्तर : बाई, आपले इंग्रजी कमी पडलेले नाही. त्या कोड्यावर जगभरातले लोक अडले आहेत आणि त्यांत इंग्रजी ही मातृभाषा असलेलेही होते.

खेळ १९९१ चा आहे. पंपाचा खटका फिरवण्यासाठी एक जड पाना लागतो, आणि खेळ तो पाना कोठेच देत नाही. त्याऐवजी दारूच्या गुत्त्यात पियानो वाजवणाऱ्या माकडाला गुंगवून उचलायचे, ते ताठर होते, आणि त्यालाच पान्यासारखे पंपावर लावून फिरवायचे. अमेरिकेत त्या प्रकारच्या पान्याला ‘मंकी रेंच’, म्हणजे शब्दशः माकडपाना, म्हणतात. इंग्लंडमध्ये त्याला दुसराच शब्द आहे, म्हणून तेथील लोकही अडले. आपल्या गॅरेजमध्ये तो नुसता ‘पाना’ असतो, त्यात माकडाचा मागमूस नाही. हे कोडे न्याय्य नव्हते, असे पुढे खेळाचे कर्ते रॉन गिल्बर्ट यांनी स्वतः मान्य केले आहे.

आपण भाषा शिकवली आहे, म्हणून उलट बाजूने विचार करून पाहावा. मराठीत ‘घोडा’ म्हणजे प्राणी, बंदुकीचा घोडा, बुद्धिबळातला घोडा आणि रंगारी ज्यावर उभा राहतो तोही घोडा. एखाद्या मराठी खेळात चाप तुटलेल्या बंदुकीला पटावरचे घोड्याचे मोहरे बसवायचे असे कोडे असते, तर आपला नातू कदाचित क्षणात ओळखून खदखदून हसला असता आणि कोणी परदेशी आजी चार दिवस अडून बसली असती. शब्दनिष्ठ विनोदावर कोडे उभारायचे असेल, तर तो शब्द आधी एकदा तरी कोणाच्या तोंडून खेळणाऱ्याच्या कानावर घालावा, एवढी अपेक्षा मी कर्त्याकडून ठेवतो.

अ‍ॅनिमेशन मालिकेवरच्या खेळांना हा धोका अधिक असतो, कारण लेखक गृहीत धरतात की प्रेक्षकाला मालिकेतली शब्दांची लकब ठाऊक आहे. म्हणून अडल्यावर वीस मिनिटांत उत्तर पाहण्यात कसलाही कमीपणा मानू नये. नातवाला मात्र उत्तर वाचून न दाखवता एक-एक सुगावा द्यावा. ते काम आपण आयुष्यभर केलेलेच आहे.

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. ‘साउथ पार्क : द स्टिक ऑफ ट्रुथ’ हा खेळ हवा म्हणून हट्ट धरतो. “कार्टूनच तर आहे, त्यातली मुलेही माझ्याच वयाची आहेत,” असे म्हणतो. घ्यावा का?
— एक आई, अलकापुरी

उत्तर : घेऊ नये. मुलगा म्हणतो ते खरे आहे, त्यातली मुले शाळकरीच आहेत, पण ती मालिका आणि तो खेळ दोन्ही प्रौढांसाठी आहेत. अमेरिकेत त्याला १७ वर्षांपुढचे आणि युरोपात १८ वर्षांपुढचे मानांकन आहे, आणि युरोपातल्या काही आवृत्त्यांतून तर त्याचे काही प्रसंग काढून टाकले गेले. त्यातली भाषा, लैंगिक प्रसंग आणि हिंसा यांतले काहीही ११ वर्षांच्या मुलासाठी योग्य नाही.

नकार देताना खेळ टाकाऊ आहे असे मात्र सांगू नये, कारण तो टाकाऊ नाही आणि मोठा झाल्यावर त्याला ते कळेलच. मालिकेचे कर्ते ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांनी स्वतः लिहिलेला आणि ऑब्सिडियन या संस्थेने घडवलेला हा २०१४ चा खेळ हुबेहूब मालिकेसारखा दिसतो, आणि त्याची मूळ कल्पना निरागस आहे : गल्लीतली मुले एका साध्या काठीला जादूची काठी मानून अंगणात राजे आणि योद्धे होतात. “कल्पना तुझ्या वयाची आहे, पण विनोद तुझ्या वयाचा नाही,” असे त्याला सरळ सांगितले तर त्याला पटू शकेल. मोबाइलवरचे खेळ घेताना वयाचा आकडा दुकानाच्या पानावर नावाखालीच दिलेला असतो. तो आधी त्यालाच मोठ्याने वाचायला लावावे. चित्र कार्टूनचे आहे, एवढ्यावरून कोणताही खेळ लहानांचा ठरत नाही, ही गोष्ट दुकानदारांच्याही लक्षात नसते. बडोद्यात मरीमातेच्या खांच्यातल्या एका दुकानात मी स्वतः असा खेळ ‘छोट्यांसाठी’ म्हणून पुढे केलेला पाहिला आहे.

प्रश्न : आम्ही तीन मित्र अ‍ॅनिमेशन शिकलो आहोत. चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांच्यावर पाच-पाच मिनिटांची अ‍ॅनिमेशन मालिका करून इंटरनेटवर दाखवावी आणि तिच्यावरच एक विनोदी साहसखेळ मराठीत करावा, असा विचार आहे. परवानगी कोणाची लागेल? खेळ कशात करावा? आणि हे जमण्यासारखे आहे का?
— एक तरुण, रावपुरा

उत्तर : या पत्राने मला जो आनंद झाला तो लपवत नाही. ज्या चिं. वि. जोशी यांनी बडोद्यात पाली भाषेचे अध्यापन करता करता मराठीला हे कुटुंब दिले, त्यांच्या पात्रांना बडोद्यातल्याच मुलांनी पडद्यावर चालते करावे, हे मला फार उचित वाटते.

आधी परवानगी. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजून ६० वर्षे राहतो. चिं. वि. जोशी यांचे निधन १९६३ मध्ये झाले, म्हणून हा काळ २०२३ च्या अखेरीस संपला, आणि १ जानेवारी २०२४ पासून त्या कथा भारतात सर्वांना खुल्या आहेत. मात्र तीन गोष्टींपासून दूर राहावे. दूरदर्शनवर या पात्रांची जी मालिका झाली, तिचा हक्क वेगळा आहे आणि तो अजून संपलेला नाही. त्यामुळे तेथील कलाकारांचे चेहरे, आवाज आणि त्या मालिकेपुरते रचलेले प्रसंग घेऊ नयेत. पुस्तकांतली चित्रे ही चित्रकाराची असतात आणि त्यांची ६० वर्षे चित्रकाराच्या मृत्यूपासून मोजली जातात, म्हणून चिमणरावांचा चेहरा आपण नव्याने काढावा. आणि लेखकाच्या पश्चात प्रथमच प्रसिद्ध झालेले काही असेल, तर त्याची मुदत प्रकाशनाच्या वर्षापासून धरली जाते. परदेशात विक्री करायची झाल्यास तेथील कायदा निराळा असू शकतो, तेव्हा त्या टप्प्यावर वकिलाचा सल्ला घ्यावा.

आता साधन. देवनागरी अक्षरे नीट जुळवणारे साधन निवडणे ही पहिली अट आहे. खेळ घडवण्याची पुष्कळशी जुनी साधने रोमन लिपी गृहीत धरून केलेली आहेत. गोडो हे विनामूल्य आणि खुले साधन आहे, आणि २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून जोडाक्षरे आणि वेलांट्या योग्य जागी बसतात. आपल्या सुदैवाने आपल्या दोन्ही नायकांची नावे हीच उत्तम चाचणी आहे. ‘चिमणराव’ लिहून पाहावे : ऱ्हस्व वेलांटी ‘च’च्या उजवीकडे पडली तर साधन निरुपयोगी समजावे. ‘गुंड्याभाऊ’ लिहून पाहावे : ‘ड’ पाय मोडून ‘या’पासून वेगळा पडला तरीही तेच. ही दोन नावे शुद्ध उमटल्याशिवाय पुढचे काहीही करू नये.

जमेल का, हा खरा प्रश्न आहे. जमेल, कारण आपण निवडलेला विनोद स्वभावनिष्ठ आहे, आणि पहिल्या उत्तरात म्हटल्याप्रमाणे खेळाला तोच सर्वांत मानवतो. कथा स्वतः चिमणराव सांगतात. ते भित्रे, सरळमार्गी, प्रत्येक साध्या कामाचा विचका करणारे आणि तरी आपण सर्व काही योग्यच केले असे मानणारे. गुंड्याभाऊ धट्टेकट्टे आणि रोखठोक. साहसखेळात खेळणारा आज्ञा देतो : पाहा, उचल, बोल, वापर. चिमणरावांना ‘शिडी उचल’ म्हटले की ते आधी शिडी कोणाची, मालकाला विचारले का, पडलो तर पत्नी काऊला काय वाटेल, याचा ऊहापोह करतील. तीच आज्ञा गुंड्याभाऊंना दिली की शिडीबरोबर खिडकीचे गजही येतील. एकाच कोड्याला दोन स्वभावांमुळे दोन उत्तरे मिळणे, ही आपल्या खेळाची सगळ्यात मोठी पुंजी आहे, आणि मालिकेच्या पाच मिनिटांत ती दाखवता येणार नाही. म्हणून मालिकेतला प्रसंग खेळात पुन्हा दाखवू नका. मालिकेत चिमणराव जे करून बसले, ते निस्तरण्याचे काम खेळणाऱ्याला द्या.

कष्ट कोठे आहेत, तेही सांगतो. समजा, एका खोलीत दहा वस्तू आहेत. चार आज्ञांसाठी प्रत्येकी एक ओळ धरली तर ४० ओळी होतात. एक वस्तू दुसरीवर वापरून पाहण्याच्या जोड्या ४५ होतात, आणि त्यांतल्या फार तर तीन-चार उपयोगी असतात. उरलेल्या चाळीसेक चुकीच्या जोड्यांना काय उत्तर द्यायचे, यावर विनोदी साहसखेळाची परीक्षा होते. ‘हे जमणार नाही’ अशी एकच ओळ सगळीकडे चिकटवली की खेळणारा अर्ध्या तासात कंटाळतो. चिमणरावांनी प्रत्येक चुकीच्या प्रयत्नाला आपले स्वतःचे कारण दिले पाहिजे : छत्री तव्यावर का ठेवायची नाही, मुलगा मोरूची पाटी दाराला का लावायची नाही. खेळणारा मग कोडे सोडवण्यासाठी नव्हे, तर पुढची सबब ऐकण्यासाठी चुकू लागेल.

तेव्हा पहिले सहा महिने चित्र काढू नका. एकच खोली घ्या, कागदावर दहा वस्तू लिहा आणि सगळ्या ८५ ओळी तिघांनी मिळून पुऱ्या करा. मग घरातल्या कोणा वडीलधाऱ्यांना समोर बसवून वस्तूंची नावे सांगा, त्यांना वाटेल त्या दोन वस्तू जोडू द्या आणि त्या जोडीची ओळ मोठ्याने वाचा. ज्या ओळीला ते हसले नाहीत, तिच्यापुढे खूण करा. खुणा २० पेक्षा कमी झाल्या की ते कागद माझ्याकडे पाठवा. मी प्रत्येक ओळ वाचून, जिथे अडेन तेथे टिपण लिहून परत करीन.